परबांच्या बरणीतला बुडबुडो

परब कंपौंडरांना कुणी साखर दिली, की ते आधी विचारीत, "कशावरून?"

वाटीत साखर आहे, ती पांढरी आहे, दाणेदार आहे आणि ती आणून देणारा मी त्यांच्या भिंतीला भिंत लावून राहणारा माणूस आहे, ह्यातलं काहीही त्यांना पुरत नसे. ते वाटी दारात उजेडाला नेत, चिमूटभर तळहातावर घेत, जिभेच्या टोकाला लावीत, थुंकत, चूळ भरीत आणि मग म्हणत, "आहे, साखरच आहे. राग मानू नका, नाकेदार. नाव काय, कुणीही सांगतं. खूण पटली पाहिजे."

नाकेदार म्हणजे मी. त्या काळी मी सोलापुरात जकात नाक्यावर साधा कारकून होतो, पण साखर पेठेतल्या आमच्या चाळीनं मला परस्पर बढती देऊन टाकली होती. दिवसभर बैलगाड्या अडवायच्या, कडब्यात काठी खुपसून बघायची आणि समोरचा माणूस थापा मारतो आहे असं धरून चालायचं, हे माझं काम. थोडक्यात, संशय घ्यायचा मला पगार मिळे. परब तेच काम फुकट करीत आणि माझ्याहून सरस करीत, ह्याचं मला वाईट वाटायचं. उगीच कशाला खोटं बोलू?

ते एका डॉक्टरांच्या दवाखान्यात कंपौंडर होते. मूळचे मालवणाकडचे. पन्नाशीला टेकलेले, काटकुळे, मान थोडी पुढं काढून चालणारे. लग्न केलेलं नव्हतं. बोलणं मात्र छापील पुस्तकासारखं. कोकणातला माणूस म्हणून ओळखू येईल असा एक शब्द बारा वर्षांत मी त्यांच्या तोंडून ऐकला नव्हता. कुणी गावचं विचारलं की म्हणत, "समुद्राजवळचं आहे," आणि विषय तिथंच मिटवीत.

दवाखान्यात पेशंट म्हणाला, "पोट दुखतंय," तर हे म्हणणार, "पोट हे नाव झालं. बोट ठेवा." कुणी सोडा मागितला तर, "कुठला? खायचा, धुवायचा की कातडं जाळायचा?" असं विचारून त्या माणसाचा सोड्यावरचा विश्वासच उडवायचे. टांगेवाले कासिमभाई आमच्याच चाळीत राहायचे. त्यांच्या घोड्याचं नाव राजा. पण स्टेशनावर आणखी एका टांग्याचा घोडाही राजाच होता, म्हणून परब आधी खाली वाकून मागच्या पायावरचा पांढरा पट्टा बघत आणि मगच टांग्यात चढत. कासिमभाई एकदा मला म्हणाले, "क्या की साब, टांगा मेरा, घोडा मेरा, हांकनेवाला मैं. फिर भी कंपौंडरसाब घोडे का दाखला मंगते."

त्यांच्या खोलीत प्रत्येक वस्तूला लेबल होतं. मीठ, तिखट, हळद ह्यांचं एक वेळ समजू शकतं. पण माठावर 'पाणी, पिण्याचे' आणि छत्रीच्या मुठीला 'छत्री, माझी'? आमची मंडळी एकदा शेंगदाण्याची चटणी द्यायला गेली, तर त्यांनी तिच्यासमोरच दौत काढून 'चटणी, शेजारची, मंगळवार' असं लिहून चिकटवलं. ती घरी येऊन म्हणाली, "विष घातलं असतं तरी चाललं असतं, पोलिसांना वार तरी बरोबर सापडला असता."

एवढ्या सगळ्या लेबलांच्या राज्यात एकच बरणी बिनलेबलाची होती. ती कोनाड्यात, फडक्याखाली असे.

ती सापडली भागूबाईला. भागूबाई माढ्याकडची; चाळीचा केरवारा करायची आणि केराबरोबर बातम्याही गोळा करायची. एके दिवशी ती आमच्या दारात येऊन उभी राहिली. "नाकेदार, तुमी सरकारी मानूस हाय म्हून सांगती. कंपौंडरच्या खोलीत बाटली हाय. आत आतडं हाय. पांडरं, लोंबतंय खाली. मी झाडू मारत हुते तर हाललं बी."

"आतडं कुणाचं?"

"ते मला काय ठावं? पन लेकराचं आसंल तर?"

झालं. मार्शल लॉ उठून जेमतेम वर्ष झालं होतं आणि गावात प्रत्येकजण प्रत्येकाकडे तिरक्या नजरेनं बघत होता. भागूबाईचं मत भानामतीवर गेलं. कासिमभाईंनी एकदा परबांना त्या बाटलीशी बोलताना ऐकलं होतं आणि त्यात 'वॉर' हा शब्द आला होता, असं ते शपथेवर सांगत होते. वॉर म्हणजे लढाई, हे त्यांना पलटणीतल्या मेव्हण्यामुळे ठाऊक. म्हणजे बाँब. आणि बाँब नसेल तर मग परब सरकारचे गुप्त बातमीदार. दोन्ही गोष्टी एकदम कशा असतील असा विचार कुणीच केला नाही. मीसुद्धा नाही. चाळीनं ठरवलं की नाकेदारानं जाऊन माल तपासावा, आणि मला, खरं सांगतो, हुरूपच आला. बारा वर्षं ह्या माणसानं माझी साखर चाखून थुंकली होती. आता माझी पाळी होती.

रविवारी सकाळी मी गेलो आणि सरळ फडक्याकडे बोट दाखवलं. "परब, त्यात काय आहे?"

परब हसले. त्यांना हसताना मी पहिल्यांदाच पाहिलं. "बारा वर्षांत खूण विचारणारा पहिला माणूस तुम्ही. बाकी सगळ्यांनी नाव ठेवलं."

त्यांनी बरणी खिडकीत आणली. स्पिरिटमध्ये एक पांढरट, सुरकुतलेली पिशवी तरंगत होती. करंजीच्या आकाराची. तिच्या खाली दोऱ्यांचा गुंता. अंगावर काटा आला, पण बाँब नव्हता, हे माझ्या अनुभवी डोळ्याला लगेच कळलं.

"हा समुद्रातला आहे. वरचा फुगा, खालचे दोरे. दोऱ्यांना विष. ह्याला इंग्रजीत पोर्तुगीज मॅन-ऑफ-वॉर म्हणतात, म्हणजे लढाऊ गलबत."

"म्हणजे जेलीफिश," मी म्हणालो. सातवीच्या धड्यात हा शब्द होता.

परबांनी कपाळाला हात लावला. मग उठून त्यांनी ती लेबलवाली छत्री काढली, खोलीच्या मधोमध उभे राहिले आणि उघड-मीट करू लागले. भर वैशाखात, चार भिंतींच्या आत, एक पन्नाशीचा माणूस छत्री फडफडवतो आहे आणि दारातून भागूबाई बघते आहे, असा तो देखावा होता.

"हा खरा जेलीफिश. ही अशी छत्री. मिटते, उघडते, पाणी मागं ढकलते आणि पुढं जाते. स्वतःच्या बळावर पोहतो. एकच प्राणी. त्यातलेही काही डसतात, पण आमच्या किनाऱ्यावर येतात ते बहुतेक गरीब." छत्री ठेवून त्यांनी कागदाची पुडी फुगवली, माठातल्या पाण्यावर सोडली आणि फुंकर घातली. "आणि हा आमचा. ह्याला पोहता येत नाही. वारा नेईल तिकडं जायचं. किनाऱ्यावर मरून पडला तरी हात लावला की डसतो. मुख्य म्हणजे हा एक प्राणीच नव्हे."

"मग किती आहेत?"

"पुष्कळ. फुगा झालेला निराळा, डसणारे निराळे, खाणारे निराळे, पिलावळीचं बघणारे निराळे. सगळे एकमेकांना जन्मापासून चिकटलेले. खाणाऱ्यांनी खाल्लं की सगळ्यांचं पोट भरतं. त्यातला एक सोडवून बाजूला ठेवा, जगत नाही." मग ते म्हणाले, "तुम्ही बायकोला मंडळी म्हणता ना? दिसायला नग एक, नाव अनेकांचं. तसं समजा. ही मंडळी आहे."

मी चाळीला अहवाल दिला की तो समुद्रातला किडा आहे. कुणाचाही विश्वास बसला नाही. समुद्रातला किडा सोलापुरात कशाला ठेवायचा? आणि खरं म्हणजे हा प्रश्न मलाही पडला होता.

उत्तर पंधरा दिवसांनी मिळालं. माझा मेहुणा तेव्हा मालवणला कचेरीत होता. त्याच्या मुलाच्या मुंजीला आम्ही दोघं निघणार, हे परबांच्या कानावर गेलं आणि ते आमच्या दारात येऊन उभे राहिले. फडक्यात बांधलेली बरणी हातात होती. चहा दिला. त्यांनी तो न चाखता बाजूला ठेवला, तेव्हाच काहीतरी बिनसलं आहे हे मला कळलं.

"नाकेदार, मालवणापासून दोन कोसांवर आमची वाडी आहे. तिथं माझा भाऊ राहतो, बाबल. सावत्र. ही बरणी त्याला दाखवायची आहे."

आणि मग मान खाली घालून त्यांनी सगळं सांगितलं. वाडीतली पोरं पाण्यातून येणाऱ्या ह्या सगळ्या गोळ्यांना एकच नाव देत, बुडबुडो. गरीब जेलीफिशही बुडबुडो आणि हा फुगाही बुडबुडो. पोरं ते एकमेकांच्या अंगावर फेकून खेळत. श्रावणात वारा समुद्राकडून सुटला होता. परब एकोणीस वर्षांचे, बाबल पंधराचा. वाळूवर एक निळाशार फुगा पडलेला दिसला. असा निळा परबांनी आधी कधी पाहिला नव्हता. बाबल म्हणाला, हे काय आहे? हे म्हणाले, बुडबुडोच तो, घे.

"त्यानं दोन्ही हातांनी उचलला. चाबूक मारावा तसे वळ उठले. मी घाबरून वाळू चोळली, त्यानं आणखी भडकलं. तीन दिवस तो शुद्धीवर नव्हता. वाचला. पण सावत्र आई म्हणाली, ह्यानं जाणूनबुजून दिला. जमिनीच्या वाट्यासाठी. मी सांगत होतो की हा बुडबुडो तो नव्हे, हे दोन वेगळे आहेत, मला ओळखता आलं नाही. ती म्हणाली, कशावरून?"

आमची मंडळी पदराशी चाळा करीत उभी होती. ती आत निघून गेली.

परबांनी तोच फुगा काठीनं उचलून लोणच्याच्या बरणीत घातला, पुरावा म्हणून. पहिल्यांदा मिठाच्या पाण्यात, मुंबईला गेल्यावर काचेच्या बरणीत, स्पिरिटात. त्यानंतर ते घरी गेलेच नाहीत. पत्रही नाही. पुरावा पक्का झाल्याशिवाय जायचं नाही, असा हट्ट. डॉक्टरांच्या जुन्या इंग्रजी ग्रंथातून नाव शोधलं, लक्षणं उतरून काढली, आणि तेवढ्या वर्षांत एक वाईट गोष्ट झाली. स्पिरिटात रंग उडतो.

"हा निळा होता. निळा हीच त्याची खूण. आता बघा." त्यांनी बरणी उजेडात धरली. फुग्याच्या कडेला नखाएवढा निळसर डाग उरला होता. "एवढाच राहिलाय. हाही गेला की हा साध्या बुडबुड्यासारखा दिसेल. मग मी काय दाखवू? मी कधी कुणावर भरवसा ठेवत नाही, तुम्हाला माहीत आहे. पण तुम्ही माल तपासल्याशिवाय सोडत नाही. तुम्ही न्या."

नाही कसं म्हणणार? मी बरणी घेतली.

कुर्डुवाडी, मिरज, कोल्हापूर अशी आगगाडी आणि पुढं घाटातली मोटार. बरणी मी मांडीवरून खाली ठेवली नाही. वाटेत एका गावच्या नाक्यावर मोटार थांबली आणि तिथल्या कारकुनानं, माझ्याच जातीच्या चिकट नजरेनं, फडक्याकडे बोट दाखवलं. "काय आहे?"

"समुद्रातलं आहे. मासा नाही."

"मासा नाही, मग काय आहे? आणि समुद्रातलं समुद्राकडं कशाला नेताय?"

उभ्या आयुष्यात मी हजारो लोकांना असं घामाघूम केलं होतं. आता मला घाम फुटला.

"नग किती?" त्यानं पावती पुस्तक काढलं.

"दिसायला एक," मी म्हणालो, आणि परबांची शिकवणी तोंडातून निसटली. "पण एक म्हणता येत नाही. मंडळी आहे."

त्यानं ट्रंकेवर बसलेल्या आमच्या कुटुंबाकडे पाहिलं. "मंडळीवर जकात नाही. मी बरणीचं विचारतोय."

"बरणीतच मंडळी आहे."

पाठीमागून आमच्या मंडळींनी जो उसासा टाकला, तो मला अजून ऐकू येतो. कारकून दोन पावलं मागं सरकला, मोटारवाल्याला हळूच म्हणाला, "ह्यांना जपून न्या," आणि त्यानं आम्हाला फुकट सोडलं.

मुंज झाल्यावर दुसऱ्या दिवशी मी वाडीवर गेलो. बाबल परब अंगणात जाळं विणत बसला होता. धिप्पाड, केस पिकलेले. मी म्हटलं, मी तुमच्या भावाकडून आलो. त्यानं हातातलं काम न थांबवता विचारलं, "तो माझो भाव, कशावरसून? नाव कोणय सांगात. खूण सांगा."

मला हसू आवरेना. भाऊ सावत्र असतील, पण संशय सख्खा होता. मी खुणा सांगितल्या. साखर चाखून थुंकतो. टांग्यात बसण्याआधी घोडा ओळखतो. माठावर 'पाणी' असं लिहितो. बाबलचे हात थांबले. "माठार लिवता?" म्हणाला, आणि हसता हसता त्यानं खांद्यावरचं फडकं डोळ्यांना लावलं.

मी बरणी फडक्यातून सोडून उजेडात धरली. प्रवासातल्या हिंदकळण्यानं म्हणा, उन्हानं म्हणा, निळा डाग गेला होता. नखाएवढा होता, तोही नाही. नुसती पांढरी पिशवी. परबांनी इतकी वर्षं जपलेली खूण माझ्या मांडीवर पुसली गेली होती.

बाबलनं वाकून पाहिलं. "बुडबुडो मां?"

मी बोलत सुटलो. छत्री वेगळी, फुगा वेगळा. तो एक, हे पुष्कळ. तो पोहतो, हे वाऱ्यावर. रंग होता, शपथ घेतो, परवापर्यंत होता, मी डोळ्यांनी पाहिलाय. आयुष्यात मी कुणासाठी इतकी गयावया केली नसेल. बाबलनं मला बोलू दिलं. मग आपला उजवा हात उलटा करून मनगटावरची एक पुसट रेघ बघत राहिला.

"हात माझो होतो," तो म्हणाला. "संशय आवशीचो होतो. माका तेना कधी इचारल्यानच नाय."

"मग तुम्ही पत्र तरी टाकायचं."

"पत्तो खंय होतो?"

बरणी त्यानं आत नेऊन देवळीत ठेवली आणि येताना एक पुडी आणली. केळीच्या सोपात गुंडाळलेली, सुंभानं बांधलेली. "ह्या तेका द्या."

"काय आहे?" मी सवयीनं विचारलं.

"तेका कळात."

सोलापूरला पोहोचलो तेव्हा गिरणीचा सकाळचा भोंगा होऊन गेला होता. परब दवाखान्यात गेले नव्हते. आमच्या दाराशी बसून होते आणि भागूबाई लांबून केर काढायचं सोंग करीत होती.

"त्याला निळा दिसला?" त्यांनी पहिलंच विचारलं.

खोटं बोलणारी माणसं ओळखण्यात माझी हयात गेली आहे. त्या क्षणी मात्र एक खोटं बोलावं असं मला फार वाटलं. "नाही," मी म्हणालो. "वाटेत गेला."

परबांचा चेहरा मला बघवेना.

"पण त्यानं निळा शोधलाच नाही हो. म्हणाला, हात माझा होता, संशय आईचा होता. मला त्यानं कधी विचारलंच नाही."

"कशावरून?" परब म्हणाले. "तुम्ही माझं मन राखायला सांगत नाही, हे कशावरून?"

माझ्याकडे पुरावा नव्हता. मी पुडी पुढं केली. त्यांनी ती हातात घेऊन उलटसुलट केली. लेबल नव्हतं, अक्षर नव्हतं. सुंभ सोडलं. आत काळपट तांबूस, चिवट असं काहीतरी होतं. आमची मंडळी मागून हळूच म्हणाली, "चूळ भरायला पाणी आणू का?"

परब उजेडाकडे गेले नाहीत. त्यांनी वास घेतला नाही, जिभेचं टोक लावलं नाही. मोठा तुकडा तोडून सरळ तोंडात टाकला आणि चावू लागले. डोळे मिटलेले होते आणि गालावरून पाणी वाहत होतं.

"अहो, परब, बघून तरी घ्या," माझ्या तोंडून गेलं. "काय आहे ते तरी कळू दे."

"आंब्याचां साट," ते भरल्या तोंडानं म्हणाले. बारा वर्षांत मी त्यांचं गावचं बोलणं पहिल्यांदाच ऐकत होतो. "बाबल्यान दिल्यान."

त्यांनी आम्हाला एकेक तुकडा दिला, भागूबाईला हाक मारून तिलाही दिला. तिनं तो पदराआड नेऊन आधी हुंगला. उरलेलं साट, म्हणजे आपली आंबापोळी, त्यांनी घरी नेऊन एका बरणीत भरलं आणि ती बरणी कोनाड्यातल्या मोकळ्या जागी ठेवली. संध्याकाळी मी डोकावलो, तेव्हा दौत आणि लेबलांचे कागद शेजारीच पडले होते. बरणीवर त्यांनी काही लिहिलं नव्हतं.